बियाला राखलेलं तवसं

वडिलांनी जुनी फियाट घेतली ती कंपनीत जरा ऐट दाखवायला, पण ती सगळ्यात जास्त धावली उरणच्या रस्त्यावर. नव्वदच्या दशकातल्या ऐरोलीत रविवारी करण्यासारखं काही नसायचं. अर्धवट इमारती, खाडीचा वारा आणि सोसायटीची मीटिंग, एवढीच करमणूक. म्हणून पाऊस ओसरला की आम्ही तिघं उरणचा समुद्र बघायला निघायचो. समुद्र वडिलांसाठी. आईला थांबायचं असायचं ते जासईच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांपाशी.

त्या बायका आपल्याच शेतातलं आणायच्या. शिराळी, पडवळ, भेंडी, अळू, सगळं वाटे करून मांडलेलं. वडील साताऱ्याचे. त्यांच्या मते वाशीच्या मार्केटात सगळी भाजी मिळत असताना पेट्रोल जाळून इथे येणं म्हणजे नसते लाड. ते गाडीतून उतरायचेच नाहीत. आई त्यांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि थेट शेवटच्या मांडवाखाली जायची.

तिथे एक म्हातारी बसायची. काळीसावळी, ताठ आणि तोंडाने फटकळ. तिच्या डोक्यावर, मांडवाच्या बांबूला, काथ्याच्या दोरीत एक भलीमोठी पिवळीधमक काकडी टांगलेली असायची. आई रत्नागिरीकडची, ती तिला तवसं म्हणायची. पिकलेलं तवसं किसून, त्यात तांदळाची कणी, गूळ, खोबरं घालून मंद आचेवर भाजलं की धोंडस होतं. आईचं माहेरचं घर कधीच बंद झालं होतं. लग्नानंतर तिला धोंडस एकदाही करता आलं नव्हतं, कारण वाशीला मिळायच्या त्या कोवळ्या, कोशिंबिरीच्या काकड्या. धोंडसाचं वर्णन मात्र ती इतक्या वेळा करायची, की मला ते न खाताच पाठ झालं होतं.

तर आई विचारायची, मावशी, ते तवसं केवढ्याला? आणि म्हातारी मान वर न करता म्हणायची, "बियाची हाय ती. इकाची नाय."

हे दर वर्षी. पहिल्यांदा आई रागावली होती. पुढे पुढे दोघींचा तो खेळच झाला. म्हातारी घेतलेल्या भाजीवर दोन शिराळी फुकट टाकायची, आई हसत गाडीत येऊन बसायची, आणि वडील म्हणायचे, दिलं का तुझं तवसं? मला तेव्हा म्हातारीचा रागच यायचा. एक काकडी दिली असती तर काय बिघडलं असतं, असं अकरावीतल्या माझ्या शहाण्या डोक्याला वाटायचं.

मग एका वर्षी जासईच्या अलीकडे लाल मातीचे डंपर दिसायला लागले. त्या बायकांच्या जमिनी कागदावर कधीच सरकारकडे गेलेल्या होत्या, पण ताबा घ्यायला कोणी येत नाही तोवर लोक पेरत होते. आता भराव पडत होता. पलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले. मांडव तीनच उरले होते, आणि म्हातारीचा त्यांत होता म्हणून आईने सुटकेचा निःश्वास सोडला.

त्या दिवशी तिने काही विचारलंच नाही. विचारायच्या आधीच म्हातारी उठली, दोरी सोडली आणि काकडी आईच्या हातात ठेवली. "घे बाय," म्हणाली. "आता पेराला जागा नाय."

आईने पैसे काढले. तिने घेतले नाहीत. आईला ते तवसं आता नको होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण परत कसं करणार? ती गाडीत मागे, माझ्याशेजारी बसली. त्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो नाही. वडिलांनी न विचारता गाडी घराकडे वळवली.

आईने धोंडस केलं. चांगलं झालं होतं, वडिलांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पण आईचं लक्ष बियांकडे. इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणून तिने त्या घोळवल्या, वाळवल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात गॅलरीत, फुटक्या बादलीत लावल्या. वेल ग्रिलवर चढला. फुलं ढीगभर आली, धरली एकच काकडी. कबुतरांपासून वाचवायला आईने तिला जुन्या ओढणीचा झोळणा बांधला. माझीच ओढणी, मला न विचारता. ती पिवळी झाली तेव्हा वडिलांनी धोंडसाची आठवण काढली. आई म्हणाली, गाडी काढा.

रस्त्याकडेला आता एकही मांडव नव्हता. गावात विचारत विचारत गेलो. म्हातारी घराच्या पायरीवर रिकामी बसली होती. हात असे मांडीवर ठेवलेले मी तिचे कधी पाहिले नव्हते. तिने आम्हाला चटकन ओळखलं नाही. मग आईने पिशवीतून काकडी काढली, तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी धरली, अंगठ्याने देठ चाचपला. डोळे भरले तसे तिने पदराने आधी काकडी पुसली.

आणि मग जुन्या फटकळ आवाजात विचारलं, "केवढ्याला देतेस?"

"बियाचं आहे ते, मावशी," आई म्हणाली. "विकायचं नाही."

म्हातारी मोठ्याने हसली. वडीलही गाडीतून उतरले. जासईकडे इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच उतरत होते. म्हातारीने काकडी आत नेली, आणि आम्ही पायरीवर बसून तिने दिलेला कोरा चहा प्यायलो. तिने ते बी कुठे पेरलं, पेरलं की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. निघताना मी आत डोकावले, तर चुलीवरच्या वाशाला नव्या दोरीत ती काकडी टांगलेली दिसली.