रंग छान आहे, म्हणाले डॉक्टर

आरोग्यकेंद्रात पडदा बसला आणि सिस्टरबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दर मंगळवारी शहरातले मोठे डॉक्टर त्या पडद्यावर येणार आणि पेशंटला त्यांच्यासमोर बसवायचं काम बाईंचं. म्हणजे मानाचंच की! आता कॅमेरा म्हटलं की आपल्या माणसांना फोटोच आठवतो. बायका ठेवणीतले कपडे घालून येत, पुरुष गुळगुळीत दाढी करून. सत्तरीचा एक सुतार तर केस काळे करून आला. बाईंनी कुणाला हटकलं नाहीच, उलट टेबलाच्या खणात पावडर, कंगवा, लिपस्टिक आणून ठेवली. शहरातल्यांना आपली माणसं गबाळी दिसता कामा नयेत, एवढाच त्यांचा हट्ट.

एका मंगळवारी बाईंनी स्वतःच्या धाकट्या जावेलाच आणलं. सव्वीस वर्षं एका घरात नांदलेल्या दोघी. भांडण रोजचं, पण एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे. दोन महिने ही धाकटी चार पायऱ्या चढली की मटकन बसत होती. विचारलं तर वय झालं म्हणायची, शेहेचाळिसाव्या वर्षी! बाईंनी तिला पावडर फासली, ओठ रंगवले, गालांवरही बोट फिरवलं. नाडी जलद लागली, तेव्हा घाबरली असेल म्हणून डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, रंग छान आहे म्हणाले, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि महिन्यानं बोलावलं.

बाहेर येऊन जावेनं नळावर तोंड धुतलं. तिला ती मेली लिपस्टिक चिकट लागत होती. टॉवेल द्यायला गेलेल्या बाई जागच्या जागी थिजल्या. जावेचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस हळूहळू उतरत गेलं, ते त्यांना दिसलंच नव्हतं. खालची पापणी ओढून पाहिली, तर लालीचा मागमूस नाही.

आत पुढचा पेशंट बसला होता, दारात रांग होती. आता जाऊन सांगायचं म्हणजे तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं जावेचं दुखणं आपल्याच हातानं झाकलं, हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. पण ही गेली तर अब्रूचं काय लोणचं घालायचंय, असं स्वतःलाच खडसावत त्यांनी जावेचा हात धरला आणि दार ढकललं.

"डॉक्टर, चूक माझी आहे. मी हिला रंगवून बसवली होती. आता बघा."

डॉक्टर पुढे वाकले. पापण्या, जीभ, नखं पाहिली. मग शौचाचा रंग विचारला. जावेनं मान खाली घातली. तीन आठवडे शौचाला डांबरासारखी काळी होत होती. लाजेपायी बोलली नव्हती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला लावली.

जठरातली जखम वाहत होती. शहरात दुर्बीण घालून ती बंद केली, तीन पिशव्या रक्त चढवलं. दोन दिवसांनी डॉक्टर वॉर्डात आले. पडद्यावर दिसत त्यापेक्षा बरेच बुटके निघाले. बाई माफी मागायला उठल्या, तर ते म्हणाले की चेहरा धुवून बसा म्हणायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. धोका टळला होता. आठवडाभर उशीर झाला असता तर मात्र कठीण होतं.

ते गेले आणि बाई कॉटच्या कडेला बसून ढसाढसा रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. जावेनं चाचपडत त्यांचा हात धरला.

"जाऊबाई, मला महिनाभर वाटत होतं, आपलं काही खरं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता."

बाईंनी तिला एक शिवी हासडली आणि तिच्या उशाशीच डोकं टेकलं. तीन दिवसांत त्यांना पहिल्यांदा झोप लागली.