सरांच्या बातमीतलं ‘काहून’

सर अल्पशा आजाराने गेले नाहीत.

आजच्या पेपरात तसं छापलंय. बातमी मीच पाठवली होती, पण ते दोन शब्द माझे नाहीत.

सरांना तोंडाचा कॅन्सर होता. खर्ऱ्यामुळे झालेला. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. आपल्या भंडाऱ्यात दर पानठेल्यावर मिळतो तोच.

अल्पसा म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आधी तिखट सोसेना. मग तोंड उघडेना. मग चमच्याने वरणाचं पाणी, आणि शेवटी नळी.

वासुदेव सर म्हणजे आमच्या पेपरचे भंडाऱ्याचे प्रतिनिधी, आणि माझे गुरू. मी एकोडीचा, बी.ए. करून रिकामा. चार महिने बातम्या लिहून पाहू, नाहीतर नागपूर गाठू, म्हणून त्यांच्याकडे आलो. तिथेच रुतलो.

माझी पहिली बातमी: ‘पालकमंत्री उद्या साकोलीत येऊन राहिले.’

सर हसता हसता ठसकले.

"अबे, येऊन राहिले म्हंजे मुक्कामी हायेत काय? बोलाले ठीक हाये. छापाले ‘येणार आहेत’ लिही."

दुसरी तुमसरकडच्या नाकाडोंगरीची. ‘वाघाचा धुमाकूळ, परिसरात भीतीचे वातावरण.’

"धुमाकूळ म्हंजे काय केलं त्यानं?"

"बकरी मारली, सर."

"मंग बकरी मारली लिही. कोणाची?"

"ते नाही विचारलं."

"जाय. विचारून ये."

परत तुमसरची बस पकडली. त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या.

कोण, काय, कुठे, कधी, कसे. एवढं जमायला लागलं. पण ‘का’ पाशी सर हमखास अडवायचे. कागदाच्या कडेला लाल पेनाने एकच शब्द: काहून?

"काहून नसन त ते बातमी नाही बे, निरोप हाये."

हे सगळं शिकताना टेबलावर पन्नी असायचीच. सर घोटायचे, अर्धा मला द्यायचे. बातमीचा इंट्रो, म्हणजे पहिली ओळ, जमला की खर्रा. नाही जमला की डोकं चालावं म्हणून खर्रा. खर्रा जप्त झाल्याच्या बातम्यासुद्धा आम्ही खर्रा खातच लिहिल्या.

मी अडकलो. अजूनही अडकलेलोच आहे. सकाळी ब्रशच्या आधी हात खिशात जातो.

‘आजपासून बंद’ अशी पोस्ट मी इथेच, फेसबुकवर टाकली होती. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलंत. संध्याकाळी मी ठेल्यावर उभा होतो.

ऑपरेशननंतर सरांचं बोलणं गेलं. मोबाईलवर टाइप करून माझ्या बातम्या तपासायचे. एकदा तसाच गाल भरून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी बातमी बाजूला ठेवली आणि टाइप केलं, ‘थुक.’

मी बाहेर जाऊन थुंकलो. परत जाताना कोपऱ्यावर नवीन घेतला. लाज वाटत होती, तरी घेतला.

काल दुपारी सर गेले.

लोक जमत होते. मी अंगणात खुर्ची टाकून मोबाईलवर बातमी लिहीत होतो. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, जवळ येऊन उभ्या राहिल्या. डोळे कोरडे होते.

"काहून गेले ते लिहिजो बाबू. खर्ऱ्यानं गेले, असंच लिहिजो. गावचे पोट्टे वाचतीन."

त्यांच्या मुलाने, सुनीलने, हे ऐकलं. तो जवाहरनगरला फॅक्टरीत आहे. मला ओढतच कोपऱ्यात नेलं.

"बाबानं जन्मभर इज्जत कमावली. अन मरणाच्या बातमीत खर्रा लिहितं काय तू? आजारानं गेले लिही न."

"काकूनं सांगितलं."

"मायले काय समजते? उद्या लोकं मलेच हासतीन."

त्याचा गाल फुगलेला. माझाही. दोघं तोंडात खर्रा ठेवून भांडत होतो, खर्रा लिहायचा की नाही म्हणून. आत सर पांढऱ्या कापडाखाली.

मी काकूंचं ऐकलं. पहिल्याच वाक्यात लिहिलं, ‘खर्ऱ्याच्या व्यसनातून झालेल्या तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले.’ काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. पाठवून दिलं.

थोड्या वेळाने नागपूरहून पेपरच्या संपादकीय डेस्कचा फोन.

"अरे, निधनाच्या बातमीत हे शोभतं का? आपलाच माणूस होता."

"आपलाच होता म्हणून तर लिहा."

"बरं, बघतो."

बघतो म्हणजे काय, ते सकाळी पेपर उघडल्यावर कळलं. इतकी वर्षं सरांनी माझी एक ओळ ‘काहून’शिवाय जाऊ दिली नाही, आणि त्यांचीच बातमी निरोपासारखी छापली. माझा संताप संताप झाला. करता काहीच येईना. नोकरी याच पेपरात, उद्याची बातमीही त्याच डेस्कला पाठवायची. मी मोटरसायकलवर बसलो आणि सरळ ठेल्यावर गेलो. दुसरीकडे कुठे जातात ते मला ठाऊकच नाही.

तिथेच काकूंचा फोन आला.

"तुयाच पेपरनं कापलं काय?"

"हो, काकू."

"मंग फेसबुकवर टाक. तेथं त कोणी कापत नाही न?"

"टाकतो."

मला वाटलं, ठेवला फोन. नव्हता ठेवला.

"अन तुयी बातमी कोण लिहीन, बाबू?"

तेव्हाही माझं तोंड भरलेलं होतं.

सर, शेवटचा नमस्कार.
मनापासून श्रद्धांजली.