म्हात्र्यांच्या अंगणातली एरियल

माझं शेवटचं पोस्टिंग कल्याणला झालं. पन्नास सालानंतरची गोष्ट. महायुद्धात उभारलेल्या कॅम्पच्या बहुतेक बराकींत तेव्हा सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. एका कडेला आमचं सिग्नल्सचं, म्हणजे लष्करी संदेशवहनाचं, छोटं युनिट होतं. मी हवालदार कदम. लाइन आणि एरियल माझ्याकडे. सकाळी पी.टी., मग परेड, मग स्टोअर्स. काश्मीरमधून आलेल्या माणसाला हे दिवस हलके वाटायचे.

आमचे कॅप्टन सबनीस हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. वरून रीतसर परवानगी काढून त्यांनी कॅम्पात स्टेशन लावलं होतं. रोज पाचच्या सुमाराला ते मॉर्सवर इतर हौशी मंडळींशी बोलायचे. कधी कधी मीही सेटवर बसायचो.

एका रविवारी गेटवरून संत्रीचा निरोप आला की एक बाई भेटायला आल्या आहेत. गेलो. वीस-बावीस वर्षांची मुलगी, हातात छत्री.

"मी सुशीला म्हात्रे. डोंबिवलीला शाळेत शिकवते. नाईक जनार्दन म्हात्रे माझा दादा. त्याच्या पत्रांत तुमचं नाव असायचं."

मी नकळत सावधान झालो. जनार्दन माझ्याच सेक्शनचा. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत गेला.

मला वाटलं, ती त्याच्याबद्दल विचारणार. तिने वेगळंच काढलं.

"दादाने रजेत मला मॉर्स शिकवलं होतं. मी परीक्षा दिली, लायसन्स मिळालं. बॅटरीवरचा सेटही जुळवलाय. आता एरियलसाठी केबल घ्यायचीय. दुकानदार म्हणतो, सगळ्या सारख्याच."

"सारख्या नसतात," मी म्हणालो.

कॅप्टनसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कदम, हे काम तुमचं. नीट उभं करा."

"येस सर."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी आणि सुशीला मुंबईला जुन्या लष्करी मालाच्या बाजारात गेलो. लढाईनंतर लिलावात निघालेली केबल तिथे ढिगाने पडलेली असे. को-अ‍ॅक्सियल केबल म्हणजे मधे एक तार, तिच्याभोवती पांढरं पॉलिथिन, त्यावर तांब्याची जाळी आणि वर काळं आवरण. दुकानदाराने आधी जाड केबलचं भेंडोळं पुढे केलं. दिसायला नवंकोरं. सुशीलालाही ते आवडलं.

"जाड म्हणजे चांगली ना, कदमदादा?"

"लांब पल्ला असता, तर घेतली असती. तुझा मास्ट, म्हणजे एरियलचा खांब, बांबूचा. हिच्या वजनाने वाकेल. शिवाय तुझ्या एरियलला सत्तर ओहमच्या आसपासची केबल जुळते. ही पन्नासची आहे."

मी चाकूने टोक सोलून दाखवलं. आतली जाळी काळी पडली होती. पाणी शिरलं होतं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. बारीक केबलची तीन भेंडोळी तशीच सोलून पाहिली. तिसऱ्यात तांबं लखलखीत निघालं. तेच घेतलं. कनेक्टर स्क्रूचे घेतले, चांदीचा मुलामा असलेले. नुसते दाबून बसवायचे स्वस्त होते. ते मी घेऊ दिले नाहीत.

म्हात्र्यांच्या अंगणात बसून जोडाला सोल्डरिंगचा डाग सुशीलाने स्वतः दिला. पहिला जोड मी ओढला तो निघून आला. तिने मुकाट्याने कापून पुन्हा केला. दुसरा टिकला. त्यावर रबराची पट्टी, मग कापडी पट्टी, मग डांबर. जोडाच्या खाली केबलला झोळ ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. तिची आई ओट्यावर बसून बघत होती. खाडीकाठी भातशेती आणि मिठागरात जन्म गेलेली बाई. एवढंच म्हणाली, "जेवून जा. जनू असता त जेवल्याबिगर सोरला नसता."

त्या दिवसापासून पाच वाजता सुशीलाचा सिग्नल कॅम्पात येऊ लागला.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं. दुपारपासून वारा आणि पाऊस. टेलिफोनच्या तारा पडल्या, वीज गेली. आम्ही बॅटरीवर सेट लावून बसलो. पाच वाजले. काही नाही. कॅप्टनसाहेब म्हणाले, "मास्ट पडला असेल."

मी हेडफोन काढला नाही.

थोड्या वेळाने तिचा सिग्नल आला. बारीक, पण स्वच्छ. एकही अक्षर गळालं नाही. मी लिहीत गेलो. बांध फुटला. खाडीकडची वस्ती पाण्यात. माणसं मिठाच्या कोठाराच्या छपरावर. होड्या वाहून गेल्या. मदत पाठवा.

कॅप्टनसाहेब कागद घेऊन सी.ओ.साहेबांकडे पावसातच धावले. परत आले तेव्हा दोन बोटींचा हुकूम झाला होता.

"तिला कळवा, निघालो. सेटवर थांब म्हणावं."

कळवलं. उत्तर आलं, "थांबते."

मी पहिल्या बोटीत होतो. अंधार पडायच्या आत कोठार गाठलं. सुशीलाने जागा बरोबर सांगितली होती, शोधत बसावं लागलं नाही. बायका, म्हातारी माणसं, एक ओली बाळंतीण. दोन खेपांत सगळी उतरवली. कोणी गेलं नाही.

सकाळी वारा पडला. मी म्हात्र्यांच्या घरी गेलो. बांबू एका अंगाला झुकला होता, ताणाचे दोर सैल पडले होते. मी बांबू आडवा करून जोडावरची पट्टी उलगडली. आत कोरडं होतं. सुशीलाला दाखवलं. मग तिने विचारलं.

"कदमदादा, माझा दादा कसा गेला?"

आई ओट्यावरच होती. मी खाली बसलो.

"वरच्या चौकीवर हल्ला चालू होता. आमची एरियल टेकडीवर. गोळ्याची कपची लागून केबल तुटली. चौकीचं खालच्या तोफांशी बोलणं बंद पडलं. जनार्दन म्हणाला, 'मी जातो.' त्याने वर जाऊन नवा जोड बसवला. परत येताना गोळी लागली."

मग आईने विचारलं, "मंग, लागला का त्यांचा बोलना?"

"लागलं. लगेच तोफा सुरू झाल्या. चौकी टिकली. तिथली माणसं आपापल्या घरी आहेत."

तिने पदराने डोळे पुसले. "कोनी आमाला ह्या सांगितलाच नव्हता," ती म्हणाली. मग उठून चुलीकडे गेली.

सुशीला पुढे शाळेतल्या मुलींना मॉर्स शिकवायला लागली. त्यातल्या दोघींनी लायसन्सही काढलं. मी निवृत्त झाल्यावर एकदा तिचा वर्ग पाहायला गेलो होतो. कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी शिकवलं?"

तिने सांगितलं, "नाईक जनार्दन म्हात्रे, सिग्नल्स."

मी मागच्या बाकावर होतो. उभा राहिलो.