इंजिनाला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला मी पिकअपच्या इंजिनाला आंघोळ घातली. चांगली बादलीभर पाण्यानं. मग ओलं कुंकू कालवून जिथं जागा दिसली तिथं बोटं ओढली. रेडिएटरला, बॅटरीला. प्लगांना करंट वाटून देणारी डिस्ट्रिब्यूटरची काळी टोपी असते, तिच्यावर तर फार मायेनं पाचही बोटं. वर बॉनेटला झेंडूचा हार. आमच्या कॅम्पात एवढी देखणी गाडी दुसरी नव्हती.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. पायाच्या खोदाईत खडक लागला की सुरुंग लावत. ठेकेदाराची बारूद रसमडा गावाच्या बाजूला ओसाड माळावर ठेवलेली असे. ती गाडीतून आणायचं काम माझं आणि उडवायचं काम माझ्या सासऱ्यांचं. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. ती कुठं गेली हे लग्नाआधी मी विचारलं नाही, आणि लग्नानंतर विचारायची हिंमत झाली नाही.

दसरा उलटला आणि काम सुरू झालं. सकाळी इंजिन जरा खोकलं. सुट्टीनं आळसावलं असेल म्हणून मी सोडून दिलं. माळावरून पेट्या भरल्या, सासरे लाल झेंडा मांडीवर घेऊन शेजारी बसले. थोडं पुढं आलो आणि गाडी गचके खाऊ लागली. मग मागून आवाज आला, फट्!

सासऱ्यांनी वळून पाहिलं नाही. नुसते डोळे मिटले.

"कायचा आवाज व्हय हा?"

"मिस करून राहिली, मामाजी. पेट्रोल इंजिनात जळत नाई, मंग सायलेन्सरात जाऊन पेटते."

"पेटते?"

हा शब्द मी जरा जपून वापरायला हवा होता. तेवढ्यात पुन्हा फट्, आणि आरशात मला सायलेन्सरच्या तोंडाशी चक्क जाळाची जीभ दिसली. वर पेट्या. मी इंजिन बंद केलं. पण ती शांतता आवाजाहून वाईट निघाली.

"पहिले माल उतरवा," सासरे म्हणाले. "मंग तुमचा दवाखाना."

बांधापलीकडं मोहाच्या झाडाखाली आम्ही एकेक पेटी नेली. डिटोनेटरची पेटी त्यांनी कुणाला दिली नाही, म्हणजे मला दिली नाही. बाळंतिणीजवळून मूल घ्यावं तशी छातीशी धरून नेली. माझे तळवे घामानं निसटत होते. एक पेटी गुडघ्यावर आली आणि भीतीनं मला हसूच फुटलं.

"हसू नका," ते म्हणाले. "मेल्यावर दात दिसतीन."

इतक्यात एक बैलगाडी आली. गाडीवानाच्या तोंडात पेटती बिडी. "का होगे, भइया?" असं विचारत तो उतरायला लागला, तसे सासरे झेंडा घेऊन असे धावले की बैलच आधी पळाले.

मी बॉनेट उघडलं. प्लग काढून पाहिले तर दोन पेट्रोलनं ओले. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पोचत नव्हती. प्लग पुसून परत बसवले. वायरी चाचपल्या, धड होत्या. मग करंट मध्येच कुठं गळतो? उजेडात ते दिसेना. म्हणून इंजिन पुन्हा चालू केलं, सीटवरची घोंगडी दोघांच्या डोक्यावरून घेऊन अंधार केला आणि आत वाकलो.

काळ्या टोपीवर निळी ठिणगी सरपटत होती. नेमकी माझ्या कुंकवाच्या पाच रेघांवरून, जणू मी तिला रस्ता आखून दिला होता.

घोंगडीत सासऱ्यांचा श्वास माझ्या कानाशी होता. मी इंजिन बंद करून टोपी काढली, तर आत परवाच्या आंघोळीचे थेंब. आत-बाहेर कोरड्या फडक्यानं पुसलं, कुंकवाचा कण ठेवला नाही. गाडी सुरू केली तर कशी मऊ चालली!

पण पेट्या परत चढवायच्या होत्या. चढवल्या. आता स्टार्टरवरचा माझा पाय खाली जाईना.

"दाबा," सासरे म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

दाबला. काही उडालं नाही. पुढचा सगळा रस्ता मी दर गिअरला मान खांद्यात घालून बसलो होतो. खोदाईवर पोचून शेवटची पेटी उतरली, तेव्हा कुठं मान बाहेर काढली.

सासऱ्यांनी बॉनेटवरचा झेंडूचा हार काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"जवाईबापू, हा हार आज माह्या फोटोले लागत होता. पुढच्या वर्षी गाडीची पूजा माही पोरगी करन. तुमी लांब बसा अन् परसाद खा."