पाती नसलेली पवनचक्की

आमचे हे पाईपच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरात बसले. बसले म्हणजे बसलेच. दीड वर्षात भाजी आणायलासुद्धा उंबरा ओलांडला नाही. मित्र येऊन गेले, डॉक्टर झाले, माझी चिडचिड करून झाली. काही बोललं की म्हणायचे, "आता माझं कुठे काय अडलंय?" दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा बघण्यापेक्षा भांडणारा नवरा परवडला, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पाती नसलेली पवनचक्की. नुसता उंच खांब. वारा लागला की तो डुलतो, बुडाशी लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, आणि त्या डुलण्यातून म्हणे वीज. धुळ्याहून साक्रीकडे जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या आम्ही कितीदा पाहिल्या होत्या. पाती फिरतात, वीज होते, हे डोळ्यांना पटायचं. हे काही पटेना. मी म्हटलं, "डुलण्यानं वीज होत असती, तर कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांवर गाव उजळलं असतं."

ते हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. मी मुकाट्यानं गच्चीची किल्ली काढून दिली.

त्या दिवसापासून गच्ची त्यांची झाली. कारखान्यातला जुना पाईप, फुटक्या स्पीकरचे चुंबक, जळालेल्या पंख्याची तार. दिवसातून दहादा जिना चढायचे आणि भाकरी मागून घ्यायचे. दिवा मात्र लागेना. वाऱ्यात पाईप नुसता थरथरायचा. मला विजेशी काय करायचं होतं? माणूस उठून उभा राहिला होता, आणि तो पुन्हा आडवा होऊ नये एवढंच मला हवं होतं.

म्हणून मला भीती होती ती माझ्या भावाची. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो चोपड्याहून मला माहेरी न्यायला येतो. साठी उलटली तरी नेम चुकलेला नाही. त्याची केळीची बाग. वैशाखातलं अर्ध्या तासाचं वादळ उभी बाग झोपवतं, म्हणून त्यानं बांधाभोवती गजराज गवताची दाट भिंत लावलेली. वारा हा त्याचा जन्माचा वैरी, आणि जीभ तिखट. मी आधीच फोन केला, गच्चीवर काही दिसलं तर हसू नको म्हणून.

"हासू उनं ते काय तोंडवर हात ठेवू?" तो म्हणाला.

आला, आणि चहाच्या आधी गच्चीवर गेला. यांनी सगळं समजावून सांगितलं. भावानं शांतपणे ऐकलं आणि मग पोट धरून हसला.

"पाव्हणा, वारा अडावामा मन्हा जनम गया, आन तुम्ही त्याले घर बलाई ऱ्हायनात?"

यांचा चेहरा उतरला. पक्कड उचलली आणि तार गुंडाळायला लागले. मी भावावर तुटून पडले. "भाऊ, आते एक शबद बोलना ते मी माहेर येवाव नही."

तो खजील झाला असावा, कारण उगाच पाईपजवळ गेला आणि केळीचं खोड हलवून बघतात तसा त्यानं तो हलवून बघितला. पुन्हा हलवला. खाली वाकून बुड बघितलं.

"हाई ते नुसतं थरथरस. बिगर घडनी केय अशीच थरथरस. घड लागना म्हणजे ती सावकाश, लांब झोका लेस. डोकावर वजन पाहिजे."

केळीचा दाखला ऐकून यांनी पक्कड खाली ठेवली. दोघं माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि पुरणासाठी काढलेली किलोभर हरभराडाळ पिशवीसकट घेऊन गेले. मी ओरडत मागे. केळीचा घड बांधतात तशा गाठी मारून भावानं ती पाईपच्या टोकाशी आवळली. वाऱ्याची झुळूक आली. पाईप सावकाश एकीकडे गेला, परत आला, आणि बुडाशी लावलेला गव्हाएवढा दिवा मिचमिचला.

"इतलासा उजेडमा माले मन्ही चप्पल बी दिसाव नही," भाऊ म्हणाला.

"किती ते सोडा, भाऊ. लागला ना?" हे म्हणाले.

"हा, लागना. पण आजून पटत नही माले."

मग दोघांची जुंपली. पाईप जाड की बारीक, चुंबक वर की खाली. आमची बस चुकली, पुढचीही चुकली. शेवटी खाली आल्यावर भाऊ म्हणाला, "तुम्ही बी चाला, पाव्हणा. गच्चीवर काय वारा शे? एक कोपरानं गवत मी कापी देस. मन्हा वावरमा उभी करा, मंग दखू."

दीड वर्ष कोणी कुठे बोलावलं की उत्तर ठरलेलं होतं, आणि ते ऐकायला मी तयारच होते. हे उठले. आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते बाहेरचा शर्ट घालून. खांद्यावर तो बोटभर सैल पडत होता.

"तुझ्या पिशवीत जागा आहे का?" त्यांनी विचारलं. "माझा टॉवेल टाकायचाय."