नाशिकमधला जास्तीचा दिवस

नाशिक रोडला उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. रोह्याकडच्या आम्हा मुलींजवळ स्वेटर कुठून असणार? नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कबड्डीच्या स्पर्धेसाठी आम्ही पहिल्यांदाच घाट चढून आलो होतो. आमची कप्तान शोभा. महिन्याभरात तिचं लग्न होतं आणि सासरी खेळणं चालणार नव्हतं. हरलो तर लगेच परतायचं, जिंकलो तर मुक्काम एका दिवसाने वाढणार. तिला तेवढा दिवस हवा होता.

मखमलाबादला एका मावशींकडे उतरलो. त्यांची फुलशेती होती. अंगणापासूनच झेंडूचे वाफे सुरू होत. बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याचं कालवण (रस्सा) खाताना आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींनी हसत गूळ पुढे केला.

दुपारी त्याही मैदानावर आल्या. लाउडस्पीकरवरून आवाज आला, "कोकणच्या मुली, आजच्या अंडरडॉग!"

"म्हंजे काय गं?" मावशींनी विचारलं.

"जिंकायची आशा नसलेला संघ," मी म्हणाले.

"मंग बरंय की! हरल्या तर नावं ठेवाया कोण हाय? खेळा बिनधास्त."

त्या सामन्यात शोभाने समोरच्या धिप्पाड मुलीचा घोटा धरला तो सोडलाच नाही. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवर गेलो (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). शोभा पाण्यात पाय सोडून बसली. भांडी बाजारात जायला सगळ्या उठल्या, ती उठेना. "तुम्ही या जाऊन," म्हणाली. मीही तिच्याजवळच बसून राहिले.

दुपारी पुढच्या सामन्यात शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. शोभाने दोघींना शिवलं, पण तिघींनी मिळून तिला खाली पाडलं. तिचा हात मधल्या रेषेपासून वीतभर अलीकडे राहिला. शिट्टी वाजली. मावशी पदराने तिच्या कोपराची माती पुसत राहिल्या.

परतीच्या गाडीत घोटी स्टेशन मागे पडल्यावर मी विचारलं, "फार लागलंय का मनाला?"

"हरल्याचं नाही गं. उद्या मॅच नाही, याचं."

पुढे नोकरीपायी मी पुष्कळ फिरले, नाशिकलाही दोन-तीनदा जाऊन आले. पण आठवतो तो त्या परतीच्या वाटेवरचा कसारा घाटच. बोगदा सुरू झाला तशी अंधारात शोभाने चढाईचा दम धरला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आम्ही हसलो. बोगदा संपला, डब्यात उजेड आला, तरी ती दम सोडेना.