तीन यंत्रं आणि नऊ लेकरं

सरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "ताई, बाबा गेले... सकाळी, चहा पिताना." मी तिथेच स्टुलावर बसले. रडू आलंच, पण खिल्लारे सरांचं एक बोलणं आठवलं आणि रडता रडता हसूही फुटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा पदवीवर्ग नुकताच सुरू झाला होता, तोही तात्पुरत्या परवानगीवर. विद्यापीठाची समिती येणार, तिला पटलं तरच वर्ग पुढे चालणार. आम्ही नऊ जण, मुलगी मी एकटीच. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावहून निघताना वडिलांनी ठणकावलं होतं, "मंजुरी न्हाई आली तर शिक्षण बास. पाव्हणे बघून ठेवलेत." आम्हाला शिकवणाऱ्या खिल्लारे सरांना हे माहीत होतं.

आकडेमोडीची सहा यंत्रं हवीत, असा नियम. हाताने दांडा फिरवायची, खडखडणारी. आमच्याकडे तीनच. त्या काळी तपासणीपुरतं सामान दुसऱ्या कॉलेजातून मागून आणायचे, लग्नातल्या भांड्यांसारखं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. प्राचार्यांनी तीन यंत्रं आणून पुसून मांडली.

समितीतल्या वयस्कर प्राध्यापकांनी एक यंत्र फिरवलं, थबकले, पुन्हा फिरवलं. "हा दांडा ओळखीचा वाटतो..."

"तुमच्याच कॉलेजाचं हाय ते, सर," खिल्लारे सर म्हणाले. "आमची तीनच. पन लेकरं नऊ हायेत, अन् ती समदी आमचीच हायेत. त्यायलाच इचारा."

प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. माझ्या डोळ्यांपुढे पाव्हणेच दिसायला लागले. इतका राग आला होता मला सरांचा!

प्राध्यापकांनी गणित घातलं. सरांची पद्धत अशी, की एका यंत्राला तिघं: एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने दांडा फिरवायचा, तिसऱ्याने लिहून पडताळायचं. आकडे आमचेच, वारंगा फाट्यावर दिवसभर बसून मोजलेल्या गाड्यांचे. आमचं उत्तर ऐकून प्राध्यापक म्हणाले, "चूक."

लिहायला मी होते. "न्हाई सर, बराबर हाय. तुमी दुसरी ओळ दोनदा धरली."

त्यांनी कागद पाहिला आणि खो खो हसत सुटले. खिल्लारे सर मात्र साळसूदपणे खिडकीबाहेर बघत होते.

मंजुरी आली, आणखी तीन यंत्रं वर्षभरात घ्यायच्या अटीवर. पत्राची नक्कल घेऊन सर स्वतः गोरेगावला आले. वडिलांनी विचारलं, "मास्तर, गप बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"मग मंजुरी यंत्राला भेटली असती. तुमच्या पोरीला न्हाई."

वडील आत बघून आईला म्हणाले, "चहात साखर जास्त टाक."

पुढे मीही अशा समित्यांवर गेले, संगणकशास्त्राच्या. चकचकीत प्रयोगशाळा, प्राचार्य संगणक मोजून दाखवायला लागतात. मी म्हणते, "थांबा, आधी मुलांना बोलवा." सर गेल्यावर परवा पहिल्यांदाच तसं म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले... समोरची एक मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, घाबरू नका. आमची तयारी हाय."